टाचेखालचा हात

आमच्या ह्यांना हॉस्पिटलात सगळे 'काटा' म्हणायचे. तराजूचा असतो तो काटा. नोकरी म्हणाल तर वॉर्डबॉयची. छप्पन्नाव्या वर्षीसुद्धा बॉयच! पण तोरा असा, की मोठ्या डॉक्टरांच्या खालोखाल आपणच. आणि खोटं कशाला बोलू, तेवढा मान होताच त्यांना तिथे. तो कशामुळे होता ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

तिसऱ्या मजल्यावर नसांचा वॉर्ड होता. हातपाय लुळे पडलेली माणसं तिथे यायची. काहींच्या नसा खरंच गेलेल्या असायच्या. काहींच्या सगळ्या तपासण्या साफ, तरी पाय हलत नाही तो नाहीच. पहिल्यांना वर ठेवायचे आणि दुसऱ्यांना खाली पाठवायचे. खाली म्हणजे तळमजल्यावर, धुलाईखान्याच्या मागे. तिथे मनाच्या डॉक्टरांच्या दोन खोल्या होत्या आणि भिंतीला कायम ओल असायची. एकदा खाली गेलेला केसपेपर पुन्हा वर आला, असं कधी घडलं नाही. वर शरीर, खाली मन. मध्ये लिफ्ट, आणि ती लिफ्ट चालवणार कोण, तर आमचे हे.

कोण वरचा आणि कोण खालचा हे ओळखायची एक साधी युक्ती आहे. माणसाला उताणं झोपवायचं. जो पाय हलत नाही म्हणतो, त्याच्या टाचेखाली आपला तळहात ठेवायचा आणि दुसरा, चांगला पाय उचलायला सांगायचा. एक पाय जोर लावून उचलला की दुसऱ्या पायाची टाच आपसूक खाली दाबली जाते. आपण दाबत नाही, ती दाबली जाते. पायाची नस गेलेली असेल तर टाच तळहातावर नुसती पडून राहते. दाबली गेली, तर पायात ताकद आहे. करून बघा घरी, हातच्या कांकणाला आरसा कशाला, तुम्हालाच कळेल.

हे खरं डॉक्टरांचं काम. पण जुन्या मोठ्या डॉक्टरांना संधिवात. त्यांच्या बोटांना काही कळेनासं झालं, तसा त्यांनी हा हात ह्यांच्याकडे सोपवला. सकाळी राउंडच्या आधी हे सगळ्या नव्या रोग्यांच्या टाचेखाली हात घालून यायचे. मग राउंड निघाला की मोठे डॉक्टर पलंगापाशी थांबून नुसतं म्हणायचे, "काटा?" आणि हे एक बोट वर करायचे किंवा खाली. तोंडाने शब्द नाही. रोग्याला पत्ताच नसायचा की आपला निकाल लागला म्हणून. एकोणीस वर्षं असं चाललं.

ह्यांचा हात होताही पक्का, नाही म्हणत नाही. पण हाताने कळलं म्हणून डोक्यालाही कळलं असं थोडंच असतं? टाच दाबली गेली की ह्यांच्या लेखी तो माणूस नाटकी. 'नाटकी' हा त्यांचा शब्द. घरी जेवताना एकेकाची नक्कल व्हायची. टपाल कचेरीतली एक मुलगी होती, पंचविशीची. लग्न मोडलं आणि महिन्याभरात डावा पाय गेला. ह्यांनी बोट खाली केलं. खाली नेताना व्हरांड्याच्या मधोमध चाकाची खुर्ची थांबवली आणि म्हणाले, "चल, ऊठ आता, खेळ संपला." ती बिचारी उठायला गेली आणि तोंडावर आपटली. पुढचा दात तुटला. हे घरी सांगताना ह्यांना हसू आवरेना. आणि मी? मीही हसले. जेवण वाढता वाढता हसले.

मी तरी हसायला नको होतं. आई गेली तेव्हा माझा आवाज गेला होता. तोंड उघडायचं, जोर लावायचा, नुसती हवा बाहेर. अकरा दिवस! मी मुद्दाम करत नव्हते हो. दाराशी दूधवाला आला तरी मला 'थांबा' म्हणता येत नव्हतं, आणि त्याची मला इतकी लाज वाटायची की मी दाराआड लपायची. बाराव्या दिवशी ह्यांनी वॉर्डातून बेशुद्ध माणसाला हुंगवायची बाटली खिशात घालून आणली, मागून येऊन माझं डोकं धरलं आणि बाटली नाकात खुपसली. मी किंचाळले. "आला की नाही आवाज!" म्हणून टाळी वाजवली ह्यांनी. मग नात्यागोत्यात, शेजारीपाजारी, जिथे बसतील तिथे तीच गोष्ट. "आमच्या हिला मी दोन सेकंदांत बरं केलं." आवाज आला हे खरंच आहे. पण त्यानंतर वर्षभर ते मागून आले की मी दचकायची, ते कोणी विचारलं नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसऱ्याला नुसता धूर दिसतो.

मोठे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक बाई आल्या. चाळिशीच्या, बारीकशा, सपाट चपला, आवाज हळू. पहिल्याच राउंडला एका पलंगापाशी ह्यांनी सवयीने बोट खाली केलं. बाईंनी विचारलं, "काका, हे काय?" ह्यांनी छाती फुगवून सगळी पद्धत सांगितली. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून हे मी करेन. तुमच्या पाठीचे दिवस राहिलेत का हो रोगी उचलायचे? तुम्ही चादरींचं कोठार सांभाळा." अपमान करायचा त्यांचा हेतू नव्हता. उलट भलंच पाहिलं. पण ह्यांचं तोंड असं झालं, जशी कोणी थोबाडीत मारली.

चादरींचं कोठार म्हणजे चार लोखंडी मांडण्या आणि एक वही. दिवसभरात बोलायला माणूस नाही. तीन आठवडे हे घरी येऊन गप्प बसायचे. नक्कल नाही, गोष्ट नाही. मग एक दिवस चादरींचा गठ्ठा खाली काढताना कंबरेत चमक भरली. तसेच घरी आले, शेक दिला, झोपले. सकाळी उठायला गेले तर डावा पाय पलंगाखाली उतरेना. "अगं," म्हणाले, "पाय कुठाय माझा?" मी पांघरूण काढून दाखवला. पाय जागच्या जागी होता, नुसता ओंडका. मी चिमटा काढला, कळला नाही. ह्यांच्या डोळ्यांत इतकी भीती मी कधी पाहिली नव्हती.

आपल्याच वॉर्डात भरती. बाईंनी दोन दिवस सगळं तपासलं, पाठीचे मोठे फोटो काढले, आणि तिसऱ्या दिवशी ह्यांच्या टाचेखाली हात घातला. मी शेजारी उभी होते. "चांगला पाय उचला, काका." ह्यांनी उचलला. बाईंचा हात गादीत दबला. मला दिसलं. ह्यांनाही कळलं. एकोणीस वर्षं दुसऱ्यांना कळत नव्हतं ते ह्यांना त्याच घडीला कळलं, कारण त्या हातावर काय होतं ते ह्यांच्याइतकं कोणाला ठाऊक!

बाई स्टूल ओढून बसल्या आणि हसून म्हणाल्या, "काका, बातमी चांगली आहे. पाय मेलेला नाही. मेंदूपासून पायापर्यंतचा रस्ता शाबूत आहे, फक्त पायाला हुकूम पोचताना कुठेतरी अडतोय. तुम्ही लक्ष पायावर ठेवलं की अडतो, लक्ष दुसरीकडे गेलं की पोचतो. म्हणून टाच दाबली. व्यायाम आहेत त्याचे. तीन महिने नेटाने केलेत तर चालत जाल इथून."

"म्हणजे मी नाटक करतोय?"

"कोण म्हणालं? तुम्ही करत नाही आहात, तुम्हाला होतंय."

"मनाचं आहे म्हणा की सरळ."

"मन आणि शरीर अशा दोन वेगळ्या वस्तू नसतात हो, काका. मेंदू शरीरातच असतो ना? घाबरल्यावर छाती धडधडते ती मनाची का शरीराची? हा आजार खरा आहे. जितका हाड मोडणं खरं, तितकाच."

इतकं सोपं करून सांगितलं त्या बाईंनी. मला तर रडू आलं. अकरा दिवसांचं माझं मला कोणीतरी पहिल्यांदा समजावून सांगत होतं. पण ह्यांनी मान भिंतीकडे वळवली. आणि वळवली तीही उशिरा. पलीकडच्या पलंगाजवळ ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला एक वॉर्डबॉय औषधाची गाडी धरून उभा होता. त्याने दारातल्या दुसऱ्याकडे बघून एक बोट हळूच खाली केलं. दोघं फिसकन हसले. ह्यांनी ते पाहिलं. संध्याकाळपर्यंत साऱ्या हॉस्पिटलात झालं, 'काटा खाली गेला, काटा खाली गेला.' धुलाईखान्यातल्या बायकासुद्धा काही ना काही निमित्ताने वर येऊन डोकावून गेल्या. करावं तसं भरावं म्हणतात, पण भरताना बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर सही करून हॉस्पिटलातून सुट्टी घेतली. व्यायामाचा कागद बाईंनी माझ्या हातात दिला होता. घरी आल्यावर ह्यांनी तो मागून घेतला आणि त्याचे बारीक तुकडे केले. "मी नाटकी नाही," म्हणाले. "माझ्या मणक्यात दोष आहे. फोटोत दिसतोय." दिसत होता खरा. दोन मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आली होती. बाई म्हणाल्या होत्या की या वयात तपासली तर निम्म्या लोकांच्या पाठीत तेवढं निघतंच, त्याने पाय जात नाही. पण बुडत्याला काडीचा आधार. ह्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलातल्या पाठीच्या सर्जनची वेळ घेतली. चार आठवड्यांनंतरची.

आणि मग म्हणाले, "तो पण टाच बघेल."

त्या दिवशी दुपारी मी काजं-बटणं करून शिंप्याच्या दुकानातून आले तर हे पलंगावर उताणे. "अगं, इकडे ये. हात घाल टाचेखाली." मी घातला. ह्यांनी उजवा पाय उचलला आणि माझा हात दाबला गेला. "किती?" विचारलं. मी म्हटलं, "दाबली." "थोडी का जास्त?" मी म्हटलं, "थोडी." तेव्हापासून रोज. पाय न उचलता उचलल्यासारखं दाखवलं तर डॉक्टरला कळतं, ते ह्यांना ठाऊक होतं. पाय खरा उचलायचा आणि जोर मात्र टाचेवर जाऊ द्यायचा नाही. त्यासाठी ह्यांनी एकेक क्लृप्ती काढली. पलंगाच्या लोखंडी कडा दोन्ही हातांनी घट्ट धरायच्या, खांदे गादीत रुतवायचे, श्वास रोखायचा. घामाने उशी भिजायची. दिवसाला चाळीस-चाळीस वेळा. "आता?" "थोडी कमी." "आता?" "अजून आहे." तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी टाच माझ्या हातावर नुसती पडून राहिली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काही नाही दाबली." तेव्हा काय खुलले होते! लग्नानंतर दुसऱ्यांदाच मला 'शाबास' म्हणाले.

त्याच चाळीस वेळा बाईंचा व्यायाम केला असता तर? हा प्रश्न मला रोज पडायचा, टाच हातात असताना पडायचा. एकदा तर हे सरावात गुंतलेले असताना डावं पाऊल आपलं आपण हललं, अंगठा चांगला वर उचलला गेला. मी पाहिलं. सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? लोक विचारतील म्हणून मीच सांगते. सांगितलं असतं तर माझ्यावर हात उगारला असता, हे एक. बायको म्हणून ह्यांची अब्रू झाकायची, हे दुसरं. आणि तिसरं असं, की आत कुठेतरी मला वाटत होतं, होऊ दे. ज्याला एवढी नक्कल येते त्याला एकदा कळू दे. पाठ कापतील इथवर माझा विचार पोचला नव्हता, शपथेवर सांगते. पण ह्यांचं वाईट मी चिंतलंच नाही असं मात्र मी म्हणणार नाही.

सर्जन उमदे होते, घाईत होते. "आधी कुठे दाखवलं होतं?" हे म्हणाले, "कुठेच नाही. फोटो तेवढे मी नोकरी करतो त्या हॉस्पिटलात काढून घेतले." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फोटो पाहिले, हातोडीने गुडघे ठोकले, मग टाचेखाली हात घातला. ह्यांनी पलंगाच्या कडा धरल्या. उजवा पाय वर गेला. सर्जन हात काढून घेत म्हणाले, "पायात काहीच नाहीये. नस दाबली गेली आहे. शंभर टक्के मणक्याचं. उघडावं लागेल." ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. सर्जनना वाटलं माणूस ऑपरेशनला घाबरला. त्यांनी खांद्यावर थोपटलं. हे सर्जनचा हात धरून म्हणत होते, "मणक्याचं आहे ना साहेब? लिहून द्या, मणक्याचं आहे असं लिहून द्या."

त्या वेळी मी खुर्चीत बसले होते. सर्जन दोन पावलांवर होते, मी नुसतं तोंड उघडायचं होतं. नर्सने पुढे केलेल्या कागदावर मी 'नातेवाईक' या रकान्यात सही केली.

ऑपरेशन झालं त्याच दिवशी आत रक्त साचलं आणि त्याचा नसांवर दाब पडला. कोणाच्या लक्षात येईपर्यंत सकाळ उजाडली. पुन्हा उघडलं, पण उशीर झाला होता. दोन्ही पाय गेले. लघवीचं भान गेलं, ती नळी आणि पिशवी कायमची. सर्जन स्वतः भेटायला आले, "शंभरात एखाद्याला होतं" म्हणाले. काय चुकलं होतं त्यांचं? त्यांच्या हाताला जे लागलं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला, आणि ते त्यांच्या हाताला लागावं म्हणून आम्ही दोघांनी चार आठवडे खपून तयार केलं होतं.

आता यापुढचं ऐका. मला वाटलं होतं माणूस कोसळेल. कसलं काय! घरी आणल्यावर पहिले चार महिने हे खूश होते. हो, खूश! जुने सोबती भेटायला आले, फळं घेऊन, मान खाली घालून. बोट खाली करणारा तो पोरगा आला आणि चक्क पाया पडला. पाया, म्हणजे त्याच लुळ्या पायांवर! "काटा, आमचं चुकलं हो. आम्हाला वाटलं..." हे उशाखालून कागद काढायचे. कागदावर मणक्याचं नाव, आकडा, ऑपरेशनची तारीख. "बघ, वाच," म्हणायचे. "मनाचं म्हणत होती ना तुमची बाई?" प्रत्येक येणाऱ्याला कागद. गॅसवाल्यालासुद्धा. मी आत पिशवी रिकामी करत असायची आणि बाहेरून ऐकू यायचं, "शंभर टक्के शरीर, सर्जन स्वतः म्हणाले."

बाईही एकदा येऊन गेल्या. ह्यांनी त्यांना कागद दाखवला. बाईंनी तो दोनदा वाचला, मग ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घडी घालून परत दिला. जाताना जिन्यात मला म्हणाल्या, "पाठीवर जखम होऊ देऊ नका, दर दोन तासांनी कूस बदला." मी जिन्यात उभी राहिले आणि त्यांच्या पाठमोऱ्या मानेकडे बघत सगळं ओठांवर आणलं. तेवढ्यात त्या खाली पोचल्याही होत्या.

नव्याचे नऊ दिवस. भेटणारे आटले. कागदाच्या घड्या फाटल्या, मी चिकटपट्टी लावून दिली. मग हे पुन्हा गप्प राहू लागले, चादरींच्या कोठारातल्यासारखे. मांड्या हाताने चाचपत पडून असायचे. बारीक झाल्या होत्या त्या, माझ्या दंडाएवढ्या.

परवाची गोष्ट. दुपारी मी ह्यांना कुशीवर वळवून पाठ पुसत होते. ह्यांचं तोंड भिंतीकडे होतं.

"अगं," म्हणाले, "खरं सांगशील?"

"काय?"

"पहिल्या दिवशी. मी तुला हात घाल म्हणालो तेव्हा. किती दाबली होती?"

मी पुसायची थांबले. त्या दिवशी मी 'थोडी' म्हणाले होते. आता पुन्हा 'थोडी' म्हणणं काही अवघड नव्हतं. अर्ध्या शब्दाचं काम. त्या एका 'थोडी'वर हे उरलेले दिवस काढू शकले असते, की कुठेतरी नस दाबलेली असेलच, सर्जन म्हणाले ते अगदीच खोटं नसेल. ते तेवढंच मागत होते. इतक्या वर्षांत माझ्याकडे त्यांनी असं काही मागितलं नव्हतं.

"गच्च दाबली होती," मी म्हटलं. "बोटं गादीत रुतली माझी. नंतर दोन दिवस शिवणाची सुई धरवत नव्हती. त्या पायाने तुम्ही जिना चढला असता. मधे एकदा अंगठाही हलला होता, मी बघितला होता."

ह्यांची पाठ हलायला लागली. आवाज नव्हता. मला बरं वाटलं. पहिल्या क्षणाला बरंच वाटलं, आणि ते मी लपवत नाही. मग ती पाठ थांबेचना, आणि माझ्या हातातलं फडकं गार होत चाललं.

"अहो," मी म्हटलं. "अहो, ऐका."

त्यांनी हात मागे आणला आणि माझं मनगट चाचपून धरलं. मला वाटलं पिरगाळतील. पण त्यांनी माझा हात ओढून स्वतःच्या डाव्या टाचेखाली न्यायचा प्रयत्न केला. तिथवर त्यांचा हात पोचत नव्हता. तेव्हा मीच पोचवला.

"आता बघ," म्हणाले. "मी दाबतोय. बघ, दाबतोय मी."

टाच तळहातावर नुसती पडून होती. मी हात तसाच ठेवला आणि किती वेळ थांबायचं ते मला कळेना.